पाहुण्याचं पुडकं

ओवेआ गावाला धोका नाही, असं कागदावर लिहून आलं. नुसतं लिहून नाही, चांगलं रंगवून आलं.

कागद चादरीएवढा होता. चर्चच्या ओसरीत दोन खांबांना तो बांधला होता आणि त्यावर पंचवीस चौकोन होते. खालचे हिरवे, मधले पिवळे, वरच्या कोपऱ्यातले लाल. शेजारी काडी घेऊन टाउ उभा होता. टाउ खाणवाल्यांचा माणूस, किनाऱ्याकडचा. गुडघाभर चिखलाच्या गावात त्याचे बूट चकचकीत असायचे, आणि मेरोईला त्या बुटांचा पहिल्या दिवसापासून राग होता.

"आडवं बघा, त्रास किती मोठा. उभं बघा, तो व्हायची शक्यता किती," टाउ म्हणाला. "दोन्ही जुळवलं की तुमचं गाव बसतं इथं." काडी हिरव्या चौकोनावर टेकली. "हिरवा म्हणजे चांगलं."

"शेवाळ पण हिरवंच असतं रे," मागून कोणीतरी म्हणालं. "पाय ठेवला की माणूस आपटतो."

लोक हसले. टाउ हसला नाही. टाउच्या मागे खुर्चीवर लेनर्ड बसला होता, तो कसनुसा हसला. लेनर्ड ऑस्ट्रेलियातला, साठीचा. धोका मोजणं हाच त्याचा धंदा. मागच्या कोरड्या मोसमात तो पेट्या घेऊन आला होता. नदीचं पाणी, मासे, झाडाच्या गाभ्यातून काढतात ते सागोचं पीठ, सगळं थोडंथोडं पिशव्यांत भरून घेऊन गेला होता. कोणाचं रक्त त्यानं घेतलं नाही. माणूस काय खातो, किती खातो, त्यात काय आहे, एवढं कळलं की पोटात काय गेलं ते गणितानं काढायचं, अशी त्याची रीत होती.

गणित असं निघालं होतं. नदीत खाणीचा धातू आहे, हे कागदालाही मान्य होतं. चार वर्षांपूर्वी वर डोंगरात खाणीच्या गाळाचा बांध फुटला आणि नदी राखाडी झाली, ते कोण नाकारणार? पण गाव पितं टाकीतलं पावसाचं पाणी. मासे खातं थोडे. आणि सागोत तर काहीच सापडलं नाही. म्हणजे नदीतलं नदीतच राहतं, माणसापर्यंत येत नाही. तेव्हा झऱ्यावरून गावापर्यंत नळ टाकायची जी योजना होती, तिची गरज उरली नाही. गुरुवारी बोट येईल, तोवर हे मान्य आहे म्हणून घरटी एक सही द्यायची.

"सागोत काही नाही?" मेरोई उभी राहिली. बायका सभेत उभ्या राहत नसत, पण ती राहिली.

लेनर्डला तिथली बाजारभाषा मोडकीतोडकी यायची. "अकरा घरांचं तपासलं," तो म्हणाला. "अकराच्या अकरा स्वच्छ."

मेरोई खाली बसली. त्याच सकाळी तिनं सागोची भाकरी मोडली होती आणि तिच्या बुडाला नखाएवढी राखाडी रेघ होती. रोजच असते. मग हे स्वच्छ सागो आलं कुठून? घरी जाईपर्यंत तिच्या डोक्यात उजेड पडला, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

घरात नवरा इवारा कुऱ्हाडीला धार लावत होता. सासू हौकू ओसरीवर पानं सोलत बसली होती. आत चटईवर लेक काइआ पडून होती, पोटाशी गुडघे घेऊन. काइआ सात वर्षांची. तिच्या पोटात कळ यायची, पायावरचे चट्टे सुकत नव्हते, केस विंचरले की फणीत झुपकेच्या झुपके यायचे. दाराच्या खांबावर मेरोई दर पावसाळ्याच्या सुरुवातीला तिच्या डोक्याच्या उंचीला सुरीनं खाच पाडायची. पाच खाचा एकीवर एक सरळ चढत गेल्या होत्या. सहावी पाडायला गेली तेव्हा सुरी पाचव्या खाचेतच बसली. सातव्या वेळीही तिथंच.

"आई," मेरोईनं सासूला विचारलं, "मागच्या वर्षी गोऱ्याच्या पिशवीत तुम्ही कुठलं पुडकं दिलंत?"

हौकूनं वरही पाहिलं नाही. "कुठलं म्हणजे? पाहुण्याचं."

प्रत्येक घरात चुलीवर एक पुडकं टांगलेलं असे, ताज्या पानात बांधलेलं. नदी राखाडी झाल्यापासून त्यातलं सागो झऱ्याच्या पाण्यात धुतलेलं असायचं. झरा आडओढ्यानं वर, अर्ध्या दिवसाच्या वल्ह्यावर. झाडाचा भुसा पाठीवर आणि होडीत घालून तिथपर्यंत नेणं म्हणजे कंबरडं मोडून घेणं. सगळ्या घराचं खाणं असं धुणं कोणाला जमणार? पण पाहुण्यापुरतं जमवायचे. घरच्यानं त्या पुडक्याला हात लावायचा नाही. पाहुण्यानं पोटभर खायचं आणि शेवटचा घास पानावर ठेवायचा, म्हणजे या घराला काही कमी नाही असं म्हटल्यासारखं होतं. नदी गेली, मासे नासले, पण ओवेआनं पाहुण्याला कधी तोशीस लागू दिली नाही. या गोष्टीचा गावाला केवढा अभिमान!

"अहो, त्यानं तपासायला मागितलं होतं! खायला नाही!"

"दारात येऊन मागितलं ना? मग तो पाहुणा. ताटात घेईल नाहीतर पिशवीत घेईल, मला काय करायचंय?" हौकू शांतपणे म्हणाली. "पाहुण्याच्या हातावर मी घाण ठेवू? माझी सासू मसणातून उठून आली असती."

"आणि बाकीच्या दहा घरांनी?"

"ती काय भिकाऱ्यांची घरं आहेत? त्यांनीही तेच दिलं असणार."

मेरोई नवऱ्याकडे वळली. "आणि तू रे, काइआच्या बापा? मासे किती खाता म्हणून विचारलं तेव्हा काय सांगितलंस?"

लेनर्डनं तेव्हा प्लास्टिकचे मासे मांडले होते, करंगळीएवढ्यापासून हातभर लांबीपर्यंत. दिवसाला यातला कुठला? इवारा कुऱ्हाडीच्या पात्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"बोल की!"

"छोटा दाखवला," तो म्हणाला. "मग काय मोठा दाखवू? परक्यासमोर आपण खादाड म्हणून सांगायचं?"

"आणि आम्ही बायका नदीत शिंपल्या काढताना खातो त्या?"

"त्या त्यानं विचारल्याच नाहीत. मलाच विचारलं, तुला कुठं विचारलं?"

मेरोईला हसू आलं आणि त्या हसण्याचाही तिला संताप आला. डोंगरातला बांध फोडला त्यांनी, गाळ सोडला त्यांनी, आणि त्यांच्या बाजूनं साक्ष दिली कोणी? तिच्याच सासूनं आणि तिच्याच नवऱ्यानं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"तुमच्या मानापायी माझी पोर खुंटली!" ती ओरडली. लग्नाला दहा वर्षं झाली होती, सासूसमोर तिचा आवाज कधी चढला नव्हता. "लोकांना पांढरं आणि नातीला राखाडी! वा रे मान!"

हौकूच्या हातातलं पान थांबलं. "तोंड सांभाळ," ती म्हणाली, आणि मग दोन दिवस ती सुनेशी एक शब्द बोलली नाही.

मेरोई तशीच दवाखान्याच्या खोलीवर गेली. लेनर्ड तिथं उतरला होता. तो आणि टाउ डब्यातला मासा आणि बिस्किटं खात होते. गावातलं खाणं स्वच्छ आहे असं सांगणारी दोन माणसं डब्यातलं खातायत, हे तिनं पाहिलं आणि गिळून टाकलं. पाहुण्याचं पुडकं काय असतं, ते तिनं दोन-तीनदा सांगितलं. लेनर्डचा चमचा हवेतच राहिला.

"अकराही घरांनी?" त्यानं विचारलं.

"अकराही."

टाउनं तोंड पुसलं. "बघा आता. निकाल आवडला नाही की म्हणे आमचं सागो खोटं होतं. उद्या मुद्दाम गाळ कालवून आणतील. या लोकांना नळ हवाय, बाकी काही नाही."

"या लोकांना?" मेरोई म्हणाली. "तुझी आई कुठल्या लोकांची आहे रे?" चोराच्या उलट्या बोंबा ऐकून ती दोन पावलं पुढं आली. "होय, हवाय नळ. हवाच आहे. मग?"

लेनर्डनं पेटी उघडली. तळाशी दोन रिकाम्या पिशव्या होत्या. त्यानं त्या दोनदा मोजल्या. मग म्हणाला, "मी स्वतः बघेन. सागो कसं करता ते सुरुवातीपासून. आणि शेवटी, मागच्या वेळी कागदावर ज्या बाईचं नाव आहे तिनंच साक्षीदारासमोर आपल्या हातानं द्यायचं. आमचं रोजचं खाणं हेच, असं म्हणून. तसं झालं तर हा निकाल मी मागे घेऊ शकतो. नाहीतर नाही."

"कोणाचं नाव आहे आमच्या घरचं?"

त्यानं कागद चाळला. "हौकू."

दुसऱ्या दिवशी सकाळीच लेनर्ड होडीतून दलदलीत आला. इवारानं सागोचं झाड आधीच पाडून खोडाची साल उघडी करून ठेवली होती. मेरोई खोडात पाय फाकवून बसली आणि मोगरीनं गाभा ठोकायला लागली. ठोका, भुसा ओढा, पुन्हा ठोका. तासाभरात तिची पाठ घामानं निथळायला लागली, भुशाचे कण मानेला चिकटले, डास डोळ्यांशी घोंगावायला लागले. लेनर्डला डासांनी फोडून काढलं, पण तो उठला नाही, एवढं त्याच्याबद्दल म्हटलं पाहिजे.

मग धुणं. झाडाच्याच पानाच्या रुंद देठाची पन्हळ, तिच्या मध्यावर नारळाच्या झाडाची जाळी. भुसा पन्हळीत घालायचा, वर बादलीनं पाणी ओतायचं, दोन्ही हातांनी मळायचा, पिळायचा. दुधासारखं पाणी जाळीतून खालच्या डोणीत पडतं. पुन्हा पाणी, पुन्हा पिळणं. पाणी नदीचंच. ती वाकायची, बादली भरायची, कमरेवर हात देऊन उठायची.

लेनर्ड कागदावर काड्या मारत होता. "किती बादल्या झाल्या?" मध्येच तिनं विचारलं.

"सत्तेचाळीस."

"अजून तेवढ्याच लागतील."

"हे सगळं नदीचं पाणी?"

"नाहीतर काय आभाळातून ओतू? टाकीतलं प्यायला पुरत नाही."

लेनर्डनं आपला कागद तिच्यासमोर धरला. तिला वाचता येत नव्हतं, तरी त्यानं बोट ठेवून दाखवलं. पिण्याचं पाणी, माणशी दोन लिटर. अंघोळ. पोहणं. स्वयंपाक. "सागो धुण्याला यात रकानाच नाही," तो म्हणाला. "हा कागद सागो खाणाऱ्या माणसानं केलेला नाही."

"मग आम्हाला विचारायचंत ना."

तो कागदाच्या कडेच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात लिहीत राहिला.

दुपार कलली तेव्हा डोणीतलं पाणी निवळलं. मेरोईनं वरचं पाणी अलगद ओतून दिलं. खाली सत्त्व बसलं होतं, ओलं, घट्ट. तिनं सुरीनं एक वडी कापून आडवी धरली. वर पांढरं, खाली बोटाच्या पेराएवढा राखाडी थर.

"जड ते खाली बसतं," ती म्हणाली. "म्हणून वरचं खरवडून पुरुषांना देतो. ते झाडं पाडतात, त्यांना ताकद लागते."

"आणि खालचं?"

तिनं पान ओढून घेतलं. खालचं बायका खात, आणि पोरं खात. काइआच्या पानावर ते दुसऱ्या कोणी वाढलं नव्हतं. चार वर्षं तिनंच वाढलं होतं, याच हातांनी, आणि पोरगी खात नाही म्हणून तिला धपाटेही घातले होते. मेरोईनं वडी पानात गुंडाळली आणि दोरी एवढी आवळली की पान फाटलं. दुसरं पान घ्यावं लागलं.

घरी आली तर हौकू नव्हती. ती पहाटेच एकटी होडी घेऊन गेली होती, असं इवारानं सांगितलं. कुठं ते विचारायची गरज नव्हती. मागचं पुडकं संपत आलं होतं आणि गुरुवारी दारात पाहुणा येणार होता. साठ उलटलेली बाई, भुशाचं ओझं आणि उलट्या पाण्यात वल्हं. दिवस मावळायला ती परत आली तेव्हा तिच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते. तिनं पांढरंशुभ्र पुडकं चुलीवर टांगलं आणि सुनेकडे पाठ करून बसली.

"आई, उद्या ते देऊ नका," मेरोई म्हणाली.

हौकू तळव्यांवर फुंकर घालत राहिली.

"पाया पडते तुमच्या."

"या घरात कोणी पाहुण्याला खालचं दिलं नाही," हौकू भिंतीला म्हणाली. "माझ्या नावावर ते होणार नाही."

गुरुवारी सकाळी लेनर्ड आणि टाउ ओसरीवर येऊन बसले. टाउच्या मांडीवर सह्यांचे कागद होते. शेजारपाजारच्या बायका अंगणात जमल्या. गोष्ट तोवर घरोघर झाली होती. हौकू नवा घागरा नेसून मधोमध बसली होती आणि तिच्यापुढं दोन पुडकी होती. एक तिनं आणलेलं, एक मेरोईनं.

"तुमचं रोजचं खाणं," लेनर्ड हळू आवाजात म्हणाला, "ते मला द्या."

हौकूचा फोडांनी भरलेला हात पुढं झाला आणि पांढऱ्या पुडक्यावर पडला. तिनं ते उचललं. टाउनं लेखणीचं टोपण काढलं.

मेरोईनं ठरवलं होतं की ओरडायचं, पुडकं हिसकायचं, काय वाटेल ते करायचं. आयत्या वेळी तिनं वेगळंच केलं. ती आत गेली, काइआला दंडाला धरून बाहेर आणलं आणि दाराच्या खांबाला टेकवून उभी केली. पोरीचं डोकं पाचव्या खाचेला लागलं. बरोबर लागलं.

"ही खाच तुमच्यासमोर पाडली होती, आई," ती म्हणाली. "दोन पावसाळे झाले. त्यांच्या कागदाला हे दिसत नाही. तुम्हाला पण दिसत नाही का?"

हौकूनं पाहिलं. काइआ पोटावर हात धरून, एका पायानं दुसऱ्या पायाचा चट्टा खाजवत उभी होती. म्हातारीचा जबडा हलत होता, जसं काही कडू गिळता येत नाहीये. मग तिनं पांढरं पुडकं बाजूला ठेवलं आणि दुसरं उचललं. लेनर्डनं पिशवी दोन्ही हातांनी उघडी धरली आणि तिनं ते आत सोडलं.

"हे आमचं खाणं," हौकू म्हणाली. आवाज घोगरा होता, पण शेवटच्या बाईपर्यंत ऐकू गेला. "आणि ऐकून ठेव. आजपासून तू या घरचा पाहुणा नाहीस. पाहुण्याला असलं देत नाहीत. घरच्याला देतात. परत आलास की हेच वाढीन, आणि खाल्ल्याशिवाय उठू देणार नाही." मग ती टाउकडे वळली. "साक्षीदार ना तू? बघितलंस? नीट बघ. तुझ्यासाठी पण हेच आहे."

टाउनं टोपण लावलं. "एका घराच्या पुडक्यानं काही सिद्ध होत नाही," तो लेनर्डला म्हणाला.

अंगणातली एक बाई वळून आपल्या घराकडे गेली आणि नदीचं पुडकं घेऊन आली. लेनर्डनं ते दुसऱ्या पिशवीत भरलं. तोवर आणखी दोघी आल्या, मग पाच, मग उरलेल्या साऱ्या. लेनर्डनं पेटीत हात घातला आणि तसाच बाहेर काढला.

"पिशव्या संपल्या," तो म्हणाला.

"संपल्या?" मेरोई म्हणाली. "हिरवा रंग संपला नाही तो?"

नऊ बायका नऊ राखाडी पुडकी हातात धरून उन्हात उभ्या राहिल्या. लेनर्डची मान खाली होती. त्यानं टाउच्या मांडीवरचे सह्यांचे कागद घेतले, घडी केली आणि आपल्या पेटीत कोंबले. "सह्या आज होणार नाहीत," तो म्हणाला. "तो निकाल मी मागे घेतोय. मला पुन्हा यावं लागेल. पेटीभर पिशव्या घेऊन."

"ये," ओसरीच्या कडेला उभा असलेला इवारा त्या सकाळी पहिल्यांदाच बोलला. "आणि मोठा मासा पण आण तो प्लास्टिकचा. या वेळी तोच दाखवीन."

बोटीचा आवाज वळणापलीकडे गेला तरी मेरोईचा राग उतरला नव्हता. पुन्हा येणार म्हणजे कधी? पुढच्या कोरड्या मोसमात? तोवर पोर काय हवा खाणार? ती दारात उभी होती आणि कोणाला तरी मारावंसं तिला वाटत होतं. टाउला, नवऱ्याला, स्वतःला.

आत हौकूनं चूल पेटवली होती. तिनं पांढरं पुडकं सोडलं, सागो पानावर थापलं, भाजलं आणि सगळंच्या सगळं काइआपुढं ठेवलं. वाफ येत होती. काइआनं पानाकडे पाहिलं, मग आजीकडे, आणि हात मागे घेतला. त्या पुडक्याला हात लावला की मार बसतो, एवढं तिला ठाऊक होतं.

"आजी, पाहुणे कोण आलेत?"

"तू आलीस," हौकू म्हणाली. "खा."

काइआ सावरून बसली. मांडी घातली, पाठ ताठ केली. हळूहळू, तोंड मिटून, ती पानावरचं सारं खात गेली. म्हातारी फोड आलेल्या हातांनी तिला वारा घालत राहिली. मेरोई दारातून बघत होती. शेवटी एवढासा तुकडा उरला. काइआनं बोटं चाटली, तुकड्याकडे डोळे भरून पाहिलं आणि तो पानाच्या कडेला सरकवून ठेवला, पाहुण्यानं ठेवायचा असतो तसा.